कुठं बघायचं

सप्टेंबरातला रविवार. आई सोफ्यावर पाय वर घेऊन गवार मोडत बसलेली. गवार मीच इंडियन स्टोअरमधून आणलेली आणि जून निघालेली, त्यामुळं दर चौथ्या शेंगेला "हे काय घेऊन आलायस" असं पुटपुटणं चालू. मुलगा गालिच्यावर पालथा. टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल, शिकागो बेअर्स विरुद्ध डॅलस काउबॉइज. मी टीव्हीसमोरच बसलेला, पण नजर मांडीवरच्या फोनमध्ये. फोनमध्ये एक नाव करड्या रंगात होतं आणि त्याच्यापुढचा आकडा वाढत होता. सहा. बारा. अठरा. प्रत्येक वेळी मुलगा ओरडायचा, आई दचकून शेंग खाली टाकायची आणि मी "च्यायला" म्हणायचो. तिसऱ्या की चौथ्या च्यायलाला मुलानं मान वळवली आणि त्याच्या त्या नाकातून येणाऱ्या मराठीत म्हणाला, "बाबा, तू पॉइंट्स बघतोस. गेम नाही बघत."

तेव्हा मी हसलो. तेरा वर्षांचं पोर, बोलतं काहीबाही. पण रात्री भांडी विसळताना ते वाक्य पुन्हा आलं, आणि मग येतच राहिलं.

झालं होतं ते असं. बेअर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास फेकणारा, कॅलेब विल्यम्स; त्याला त्या आठवड्यात मी बेंचवर बसवलं होतं. खऱ्या संघात नव्हे, माझ्या फँटसी संघात. बारा जणांची आमची लीग आहे, ऑफिसातले नऊ आणि इथल्या मराठी मंडळींतले तीन. ड्रीम इलेव्हन खेळलेल्यांना फार सांगायला नको. फरक इतकाच, की इथं खेळाडू वाटून घ्यायचे असतात; एकानं उचलला तो दुसऱ्याला मिळत नाही, आणि सप्टेंबर ते डिसेंबर संसार त्याच्याशीच. पासिंगच्या पंचवीस यार्डांना एक गुण, टचडाउन पासला, म्हणजे समोरच्यांची शेवटची रेषा ओलांडून देणाऱ्या पासला, चार, पळून काढलेल्या दहा यार्डांना एक, इंटरसेप्शनला, म्हणजे पास विरोधकानं झेलला तर, उणे दोन. क्वार्टरबॅक दर आठवड्याला एकच उतरवता येतो. दुसरा बेंचवर. बेंचवरच्यानं डोंगर उचलला तरी त्याचे गुण दिसतात, धरले जात नाहीत. हे दिसणं फार वाईट. गुण दाखवलेच नसते तर निदान रात्रीची झोप लागली असती.

आमचा ड्राफ्ट, म्हणजे खेळाडूंची ती वाटणी, गौरी आल्या त्याच संध्याकाळी होता. घरात भाजी-भाकरीच्या नैवेद्याचा वास, मुखवट्यांसमोर समई, आणि मी जिन्याखालच्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन, बारा जणांत फिरून येणाऱ्या माझ्या पाळीची वाट बघत. बायकोनं दोनदा आरतीला हाक मारली. दुसऱ्या हाकेला माझी नववी फेरी आली आणि मी घाईत कॅलेबचं नाव दाबलं. घाईत म्हणतोय ते खोटं आहे. उन्हाळाभर मी तेच ठरवून होतो. शिकागोत पंधरा वर्षं राहिलेला माणूस दुसरं काय करणार? इथं नवा क्वार्टरबॅक म्हणजे नवी सून. येते तेव्हा साऱ्या गल्लीला कौतुक, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तिच्या प्रत्येक भांड्याचा आवाज मोजायला सारी गल्ली कान लावून. १९८५ च्या हंगामानं या शहराला एकमेव सुपर बोल, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यातला विजय, दिला, आणि तेव्हापासून ते क्वार्टरबॅकच शोधतंय. २०१७ साली खऱ्या लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ कॉलेजातली पोरं पाळीपाळीनं निवडतात त्यात, दुसऱ्या क्रमांकावर मिचेल ट्रुबिस्की घेतला. त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर पॅट्रिक महोम्स, पुढं तीन सुपर बोल जिंकलेला, दुसरीकडं गेला. ही गोष्ट इथली माणसं भावकीच्या जमिनीच्या दाव्यासारखी सांगतात, दर वेळी पहिल्यापासून. २०२१ ला जस्टिन फील्ड्स. मग २०२४ ला पहिल्याच क्रमांकावर कॅलेब, कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी जिंकलेला, वय बावीस.

त्याचं ते पहिलं वर्ष मी बघितलं आणि नाहीही बघितलं. संघ १७ पैकी ५ सामने जिंकला, सलग १० हरला. वॉशिंग्टनला शेवटच्या क्षणी आंधळेपणानं भिरकावलेला बॉल विरोधी खेळाडूच्या हातात अलगद पडला. तेव्हा आपला एक बचावपटू नुकताच प्रेक्षकांकडं तोंड करून त्यांना खिजवत होता. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये तीन गुणांनी मागे, ३२ सेकंद उरलेली, घड्याळ थांबवायला खिशात एक टाइमआउट, आणि तो न वापरता घड्याळ संपलं. त्या दिवशी आमच्याकडं पंधरा माणसं जेवायला होती. टर्की कुणीच खात नाही म्हणून बायकोनं तंदूरमसाला लावलेली आख्खी कोंबडी केली होती, आणि ती कापायची सोडून आम्ही सगळे टीव्हीला "अरे थांबव, थांबव" करत होतो. दुसऱ्या दिवशी मुख्य कोच घरी गेला. बेअर्सच्या इतिहासात हंगामाच्या मध्यात काढलेला पहिला मुख्य कोच. आक्रमणाचा कोच त्याआधी अडीच आठवड्यांपूर्वीच गेला होता. म्हणजे शाळेत पहिलीतल्या पोराचे वर्षात तीन मास्तर बदलावेत तसं.

आणि ६८ सॅक.

क्वार्टरबॅकच्या हातात बॉल असताना त्याला जमिनीवर आदळायचं, त्याला सॅक म्हणतात. एका हंगामात ६८ वेळा. सामन्याला चार. प्रत्येक वेळी सव्वाशे-दीडशे किलोचा माणूस अंगावर. आता यातली गंमत ऐका: आमच्या लीगमध्ये सॅकला उणे गुण नाहीत. बहुतेक लीगमध्ये नसतात. त्यामुळं माझ्या फोनमध्ये ते वर्ष म्हणजे ३,५४१ यार्ड, २० टचडाउन, फक्त ६ इंटरसेप्शन, वर पळून काढलेले ४८९ यार्ड. नव्या पोराच्या मानानं बरंच म्हणायचं. ६८ वेळा आपटलेलं त्या पानावर कुठंच नाही. उन्हाळ्यात मी जे लेख वाचले, जी पॉडकास्ट मेट्राच्या डब्यात बसून ऐकली, त्यांतही सगळी मांडामांड याच आकड्यांची. नवा कोच आलाय, डेट्रॉइटचा आक्रमणाचा कोच बेन जॉन्सन, त्याच्या हाताखाली डेट्रॉइटनं २०२४ मध्ये लीगमध्ये सगळ्यांत जास्त, ५६४ गुण केले, तेव्हा कॅलेबचा आकडा किती वर जाईल? मी मान डोलवायचो. स्टॉकची टिप ऐकताना डोलवतात तशीच.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, एक वेगळी बातमी आली होती. क्वार्टरबॅकांवरच्या एका पुस्तकातला मजकूर छापून आला. त्यात असं होतं, की पहिल्या वर्षी कॅलेब खेळाच्या चित्रफिती एकटाच बघत बसायचा, आणि त्यात काय बघायचं हे त्याला कुणी सांगत नव्हतं. तो आपला लावायचा आणि बघायचा. गदारोळ झाला तो दुसऱ्याच गोष्टीवर, म्हणजे त्याला नि त्याच्या वडिलांना मुळात शिकागोला यायचंच नव्हतं यावर. शहर दुखावलं. मीही थोडा दुखावलो. आपल्या गावाला नावं ठेवायचा हक्क आपला. पण माझ्या डोक्यात अडकून राहिलं ते अंधारात एकट्यानं चित्रफीत लावून बसलेलं पोर. चार वर्षांचा करार जवळपास ३.९५ कोटी डॉलरचा, त्यामुळं कीव करायचं कारण नाही, हे मी स्वतःला सांगत होतो. तरी.

आई गणपतीआधी आली. बाबा गेल्यापासून वर्षाआड येते. तिला खेळातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही, पण नातू बघतो म्हणून बसते. कधीतरी टीव्हीवर कॅलेब बाजूच्या बाकावर बसून टॅबलेटमध्ये डोकं घालून दिसला. मागच्या प्लेचे, म्हणजे मागच्या चालीचे, फोटो लगेच दाखवतात त्यात. आईनं चष्मा वर केला. "हे पोरगं एकटंच काय बघालंय त्या पाटीत?" मी म्हटलं, चुकलेलं बघतोय. "मग शेजारी कुणी नको का सांगायला?" असं म्हणून ती पुन्हा आपल्या कामाला. नातवानं मग तिला सगळी माहिती पुरवली. तो नखं रंगवतो, त्याची आई नखं रंगवायचंच काम करते, कॉलेजात असताना एक सामना हरल्यावर तो प्रेक्षकांत चढून आईच्या कुशीत रडला आणि लोक त्याला हसले. नखांचं ऐकून आई काहीतरी बोलेल म्हणून मी सावरून बसलो. ती म्हणाली, "आईच्या हातची असतील तर रंगवू दे की." आणि दर रविवारी कॅमेरा जवळ गेला की तिची नजर त्याच्या बोटांवर. आम्ही बॉल कुठं गेला ते बघायचो, ती नखं.

तिच्या त्या "शेजारी कुणी नको का" नं मला थेट उद्यमनगरात नेऊन सोडलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबा टर्नर होते, एका लहान वर्कशॉपमध्ये. सुट्टीत डबा पोचवायचं काम माझं. आत शिरलं की कूलंटचा तो आंबूस, फाटक्या दुधासारखा वास, पत्र्याखाली कोंडलेली धग, आणि चपलेच्या तळव्यात रुतणारा लोखंडाचा कीस. घरी आल्यावर आई दारातच चपला झटकायला लावायची. वर्कशॉपच्या दाराशी एक फळा होता. त्यावर ऑपरेटरांची नावं आणि प्रत्येकापुढं त्या दिवसाचं रिजेक्शन, खडूनं. तेव्हाचे फोरमन संध्याकाळी हात मागं बांधून त्या फळ्यासमोर उभे राहायचे आणि सगळ्यात मोठ्या आकड्याच्या माणसाला सगळ्यांसमोर हाक मारायचे. एका मे महिन्यात कागलकडचा एक पोरगा नवीन लागला होता, आयटीआय झालेला, बुटका, एसटीनं यायचा. त्याच्या पुढचा आकडा कायम मोठा. सकाळी केलेले बुश साईजमध्ये, दुपारनंतरचे बाद. फोरमन म्हणायचे, जेवला की झोपतो. पोरगा काही बोलायचा नाही. बाबा घरी सांगायचे, टिकत नाही तो.

मग ते फोरमन गेले आणि नवे आले. नवे म्हणजे वयानं म्हातारेच, इचलकरंजीकडचे, तोंडात कायम तंबाखू. मी डबा घेऊन गेलो तेव्हा ते त्या पोराच्या मागं स्टुलावर बसलेले होते, आणि बाबा म्हणाले की सकाळपासून तसेच बसलेत, बोलत काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर पोराच्या पायाखाली फळी होती. दोन पट्ट्यांवर ठोकलेली, वीतभर उंच. इतकंच. तो बुटका, लेथ उंच, दिवसभर टाचा वर करून काम करायचा. दुपारपर्यंत पोटऱ्या थरथरायला लागायच्या आणि पोटऱ्यांची थरथर हातात उतरायची. लेथवर हात केसभर हलला की साईज गेली. कुणी बघितलंच नव्हतं, कारण सगळे फळ्याकडं बघत होते आणि तो पोरगा स्वतः जॉबकडं. फळी दिल्यावर म्हातारा त्याच्या शेजारी उभा राहिला आणि त्याला शिकवायला लागला ते मला अजून ऐकू येतं: "डायल बघू नको. टूल कुठं टेकतंय ते बघ. आणि कान दे. कट बिघडायच्या आधी आवाज बिघडतो."

गोष्ट इथं छान संपली असती, पण तसं काही झालं नाही. पोराचं रिजेक्शन कमी झालं, संपलं नाही. दोन वर्षांनी तो भोसरीला एका मोठ्या कंपनीत गेला, आणि म्हातारे आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत. आणि बाबा. बाबांना ते नवे फोरमन कधीच आवडले नाहीत. जुन्यांनी त्यांना नोकरी लावली होती, हे एक कारण. दुसरं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. मी बारावीत असताना एकदा जेवताना त्या फळीचा विषय निघाला आणि बाबा भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, "आम्हाला कुणी फळी दिली नाही." मी त्यांना अहो-जाहो करायचो, त्यामुळं पुढं काही विचारायची सोय नव्हती. आईनं आमटी वाढली.

असो. बेन जॉन्सन. हा माणूस नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात स्वतः क्वार्टरबॅक होता, पण शिष्यवृत्तीवरचा नव्हे, आपण होऊन चाचणी देऊन शिरलेला, आणि बहुतेक काळ बाकावरच. शिकला गणित आणि संगणकशास्त्र. बाकावर बसणाऱ्याला खेळ जरा जास्त दिसतो का, कोण जाणे; मला तसं वाटायला आवडतं, इतकंच. आल्या आल्या बेअर्सनं कॅलेबच्या पुढ्यात तीन नवी माणसं उभी केली: कॅन्सस सिटीचा जो थूनी, अटलांटाचा ड्रू डालमन, आणि डेट्रॉइटमध्ये आधी जॉन्सनबरोबर असलेला जोना जॅक्सन. क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या या पाच जणांच्या रांगेतली मधली तिन्ही माणसं नवी. आपल्याकडं खेळाच्या पानावर अशा रांगेला काय म्हणतात? फळी. मला हे सुचलं तेव्हा मी मेट्रामध्ये होतो आणि एकटाच हसलो. समोरच्या बाईनं पर्स जवळ ओढली.

बाकी जे चाललं होतं ते फोनमध्ये दिसण्यातलं नव्हतं. जॉन्सननं त्याला मागच्या वर्षीच्या फिती दाखवल्या त्या फेकीच्या नव्हेत, देहबोलीच्या. प्ले फसल्यावर तळवे वर करून उभा राहतोस, खांदे पाडतोस; आपल्याला असं दिसायचंय का? कॉलेजात हा बहुतेक लांब मागं उभा राहून बॉल घ्यायचा, आता बॉल मागं देणाऱ्या सेंटरच्या पाठीला चिकटून उभं राहायला लावलं. तिथं पुष्कळदा पाठ फिरवून मागं जावं लागतं, त्या क्षणात बचाव डोळ्यांआड होतो आणि पायांवर भरवसा ठेवावा लागतो. हेल्मेटमधल्या रेडिओतून कोच प्लेचं नाव सांगतो, ते नाव म्हणजे कधी कधी अख्खा पोस्टाचा पत्ता. घड्याळावर १५ सेकंद उरली की रेडिओ आपोआप बंद. तेवढ्यात ऐकायचं, दहा जणांना जसंच्या तसं सांगायचं, रांग लावायची, समोरच्यांची मांडणी वाचायची. सराव शिबिरात नुसतं हडलमधून, म्हणजे चाल सांगायच्या घोळक्यातून, वेळेत बाहेर पडतानाच त्यांची तारांबळ उडत होती. पेपरवाले त्यावर लिहीत होते आणि मी ते वाचून नाक मुरडत होतो, कारण यातल्या कशालाच गुण नाहीत.

पहिला सामना मिनेसोटाशी, सोमवारी रात्री. कॅलेबचे पहिले दहाही पास पूर्ण, स्वतः पळून टचडाउन. शेवटच्या क्वार्टरआधी १७-६ नं पुढे. मग मिनेसोटाच्या नवख्या क्वार्टरबॅकनं, जो इथल्याच उपनगरात वाढलाय, एका क्वार्टरमध्ये २१ गुण मिळवून सामना २७-२४ नं नेला. शहर सुतकात. आणि मी? माझ्या खात्यात चोवीसच्या वर गुण, मी लीगचा तो आठवडा जिंकलेला. अंथरुणावर पडल्या पडल्या मी खूश होतो. मुलगा शेजारच्या खोलीत उशीत तोंड घालून. त्याला समजवायला गेलो तेव्हा फोन खिशात होता, आणि खिशात तो थरथरला तेव्हा माझा हात आपोआप तिकडं गेला. त्यानं बघितलं असणार.

दुसऱ्या आठवड्यात डेट्रॉइटनं ५२-२१ असं झोडपलं, जॉन्सनच्याच जुन्या मैदानावर. समोर डेट्रॉइटचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, जॉन्सनचा जुना विद्यार्थी, एकाच सामन्यात पाच टचडाउन. आता गॉफ माझ्याच बेंचवर बसलेला होता, अकराव्या फेरीत उचललेला. मंगळवारी सकाळी कॉफी होईपर्यंत मी निर्णय घेऊन टाकला. कॅलेब खाली, गॉफ वर. कारण विचाराल तर: हिशेब. गॉफला सुद्धा एकदा लॉस एंजेलिसनं टाकून दिलं होतं, २०२१ मध्ये अदलाबदलीत चिल्लरीसारखा डेट्रॉइटकडं पाठवला होता, आणि जॉन्सनच्या हाताखाली तो पुन्हा उभा राहिला. २०२४ मध्ये ४,६२९ यार्ड, ३७ टचडाउन. तयार माल तो. हा कच्चा. मुलानं सीरिअल खाता खाता विचारलं, कॅलेबला का काढलंस? मी म्हटलं, "हा सुधारायचा नाही रे एवढ्यात." बोलून गेलो. सकाळची घाई होती.

मग तो गवारीचा रविवार. पहिल्या अर्ध्यातच कॅलेबनं बॉल डीआंद्रे स्विफ्टच्या हातात दिला, स्विफ्टनं पळतोय असं भासवून तो उलटा कॅलेबकडं टाकला, आणि कॅलेबनं ल्यूथर बर्डन नावाच्या नवख्या पोराला ६५ यार्डांचा पास दिला. घर दणाणलं. माझ्या करड्या रकान्यात साडेसहा गुण. असे एकूण चार टचडाउन, २९८ यार्ड, अठ्ठावीसच्या घरातले गुण, सगळे बेंचवर. संघ ३१-१४ नं जिंकला. पण मुलगा ज्यावरून बोलला ते हे नव्हतंच. उत्तरार्धात बेअर्सनं एक ड्राइव्ह, म्हणजे सलग चढाई, केली, १९ प्लेची, जवळपास दहा मिनिटं घड्याळ खाणारी. चार यार्ड, सहा यार्ड, तीन. एक प्ले झाला की उठायचं, हडल, नाव सांगायचं, रांग. पुन्हा. शेवटी चौथ्या डाउनला, म्हणजे चारपैकी शेवटच्या संधीला, गोलजवळ, डीजे मूरला छोटासा पास. एकोणीस वेळा ते रेडिओ बंद होण्याआधीचं सगळं निभावलं होतं, आणि एकदाही तळवे वर गेले नव्हते. मुलगा उठून बसला होता, बोटांवर मोजत होता. मी फोन बघून म्हटलं, "एवढा वेळ घालवून सातच पॉइंट्स." तेव्हा त्यानं मान वळवली.

दुसऱ्या दिवशी रात्री गॉफ खेळला. बाल्टिमोरविरुद्ध डेट्रॉइटनं ३८ गुण केले, पण बहुतेक पळून. गॉफचे २०२ यार्ड, एक टचडाउन. माझे बारा गुण. मी तो आठवडा नऊ गुणांनी हरलो.

त्यानंतर मी कॅलेबला पुन्हा हलवला नाही. पश्चात्ताप वगैरे म्हणू नका. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माणूस ठाम होतो. काही आठवडे महागात पडले. पोरगा उघड्या माणसाला सोडून भलतीकडं फेकायचा, सोपे पास खाली घालायचा, आणि मग शेवटच्या दोन मिनिटांत कुठून तरी सामना ओढून आणायचा. नोव्हेंबरअखेर फिलाडेल्फियाला जाऊन २४-१५ नं जिंकले, तेव्हा ड्रेसिंगरूममध्ये जॉन्सननं शर्ट काढून फेकला. इथल्या एका हॉटडॉगवाल्यानं जाहीर केलं होतं की कोचनं शर्ट काढला तर सगळ्यांना फुकट खिलवू, आणि त्यानं खिलवलं. ती क्लिप मी आईला कोल्हापूरला पाठवली. तिचा व्हॉइस मेसेज आला: "ह्यो तर गंगावेसच्या तालमीतला वस्ताद दिसालाय."

वर्षाअखेर हिशेब असा: ११ विजय, ६ पराभव, विभागाचं विजेतेपद. कॅलेबचे ३,९४२ यार्ड. १९९५ पासून एरिक क्रेमरच्या नावावर असलेला क्लबचा ३,८३८ चा विक्रम मोडला, आणि चार हजाराला ५८ कमी पडले. शंभर वर्षांहून जुन्या या क्लबात चार हजार अजून कुणी बघितलेले नाहीत. २७ टचडाउन, ७ इंटरसेप्शन. जॉन्सननं सत्तर टक्के पास पूर्ण करायचं ध्येय ठेवलं होतं, झाले अठ्ठावन्नच्या आसपास, म्हणजे तिथं काही धड जमलेलं नाही आणि जमलंय असं मी म्हणणारही नाही. लीगमधले लोक आत्ताच विचारतात, पुढच्या वर्षी कितव्या फेरीत घेशील? मला वाटतं तेव्हा तो नववीपर्यंत उरायचा नाही. गॉफशी तुलना करून जे त्याच्याकडून जॉन्सनच्या हाताखालच्या दुसऱ्या वर्षी साडेचार हजार यार्ड मागताहेत ते मात्र चुकताहेत. गॉफ जॉन्सनकडं आला तो एक सुपर बोल खेळून, सत्ताविशीत, हा तेवीसचा होता आणि आधीचं वर्ष एकट्यानं फिती बघण्यात गेलेलं. आणि ६८ चे सॅक झाले २४. हा आकडा मी लीगच्या ग्रुपवर टाकला. कुणीतरी अंगठा दाखवला. गुण नाहीत ना त्याला.

जानेवारीत फँटसी संपलेली असते. डिसेंबरातच जेता ठरतो, पैसे वाटले जातात, ॲप गप्प होतं. त्यामुळं दहा जानेवारीच्या शनिवारी रात्री, ग्रीन बेविरुद्ध बादफेरीचा सामना लागला तेव्हा माझा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. बाहेर बर्फ, खिडकीच्या कडेनं आत येणारी ती बारीक सुई. मध्यंतराला ३-२१. मुलगा रजई डोक्यावर घेऊन बसला. शेवटच्या क्वार्टरमध्ये चौथा डाउन, आठ यार्ड हवेत. कॅलेब डावीकडं पळाला, मागून माणूस अंगावर आलेला, दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले, आणि तशा अवस्थेत अंगावरून फेकलेला बॉल २७ यार्डांवर रोम ओडुंझेच्या हातात. मुलगा म्हणाला, "बाबा, पाय बघितलेस?" मी बघितले होते. पाय पूर्ण चुकीचे होते. म्हाताऱ्या फोरमननं कपाळावर हात मारला असता. सामना ३१-२७ नं जिंकला. पुढच्या आठवड्यात लॉस एंजेलिस रॅम्सकडून जादा वेळेत २०-१७ नं हरले, त्याच्याच एका इंटरसेप्शननंतर, पण ते पुढचं.

त्या रात्री दहाच्या पुढं आम्ही आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं रविवार सकाळ. ती अंगणात बसलेली, मागं कुणाचा तरी भोंगा, हातात चहाचा कप. नातवानं सगळं एका दमात सांगितलं, ३-२१, चौथा डाउन, डावीकडं पळाला, पाय हवेत. तिनं सगळं ऐकून घेतलं, कप खाली ठेवला.

"आणि नखं कुठल्या रंगाची होती?"

मुलानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. "थांब आजी," तो म्हणाला, आणि रिमोट शोधायला रजई उचकटायला लागला, "मागं घेऊन बघतो."